फक्त चाचणी

हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत, धोबीखान्याच्या वरच्या मजल्यावर संगणक विभाग होता. खाली दिवसभर चादरी उकळायच्या. त्यामुळे वरची फरशी कायम कोमट असायची आणि हवेला साबणाचा ओलसर वास असायचा. नवा माणूस पहिल्या आठवड्यात नाक मुरडायचा आणि दुसऱ्या आठवड्यात चपला काढून पाय शेकत बसायचा. ताई तिथे इतकी वर्षं होती की घरच्या थंड फरशीवर पाऊल टेकलं की तिलाच चुकल्यासारखं वाटायचं.

तिला ताई म्हणणारा जगात एकच माणूस, तिचा धाकटा भाऊ. विभागात ती ‘मॅडम’ होती आणि पाठीमागे ‘चाळणीबाई’. तिच्या हाताखालून कुठलीही गोष्ट चाळल्याशिवाय पुढे जात नसे. भाजी घेतानाही ती प्रत्येक जुडी उलटून देठ बघायची आणि भाजीवाल्याच्या कपाळाला आठ्या पाडायची. पाठीमागचं नाव तिला माहीत होतं. मनातल्या मनात ते तिला आवडतही होतं.

सध्या काम चाललं होतं ते स्थलांतराचं. हॉस्पिटलची जुनी सिस्टीम विभागातले जुने सर एकहाती लिहून निवृत्त झाले होते. ती बंद करून सगळी माहिती नव्या सिस्टीममध्ये न्यायची होती. जुन्या सिस्टीममध्ये प्रत्येक पेशंट म्हणजे एक ऑब्जेक्ट. त्याच्याजवळ थोडी माहिती असायची: नाव, वय, रक्तगट, खाट, पथ्य. शिवाय त्याला ठरावीक कामं यायची: ‘खाट बदल’, ‘औषध दे’, ‘तपासणीला ने’, ‘घरी सोड’. माहितीला प्रॉपर्टी म्हणायचं आणि कामांना मेथड. नावं साध्या आपल्या भाषेत ठेवायची हा जुन्या सरांचा हट्ट होता. सगळे पेशंट एकाच साच्यातून निघालेले, तेव्हा सगळ्यांची यादी सारखीच असणार. एखाद्याला एक काम जास्त येतंय असं होऊच शकत नाही.

दुसऱ्याने लिहिलेल्या ऑब्जेक्टला हात लावण्याआधी त्यालाच विचारायचं असतं, की बाबा रे, तुझ्याजवळ काय आहे आणि तुला काय काय येतं? ताईने त्यासाठी छोटासा तपासणी प्रोग्रॅम लिहिला होता. तो आधी नावांची यादी स्क्रीनवर आणायचा, मग एकेका मेथडला हाक मारायचा. हाकेबरोबर ‘फक्त चाचणी’ अशी खूण जायची. मग ती मेथड प्रत्यक्षात काही न करता नुसती ‘आहे’ म्हणून ओ द्यायची. ‘औषध दे’ला हाक मारली म्हणून कुणाच्या तोंडात गोळी पडत नसे. जुन्या सरांच्या मेथडींकडून ‘परवानगी नाही’ असं उत्तर यायचं आणि ताईचं समाधान व्हायचं, की चला, ही जागेवर आहे. वेगळं काही उत्तर आलं तर प्रोग्रॅम त्या पेशंटपुरता तिथेच थांबायचा आणि पुढचा पेशंट घ्यायचा.

धाकटा त्या दिवसांत याच हॉस्पिटलात होता. छातीचं ऑपरेशन होतं आणि ते नीट पार पडलं होतं. त्याचा वॉर्ड मधल्या चौकाच्या पलीकडे, ताईच्या खिडकीच्या बरोबर समोर. आई गेली तेव्हा तो दुधाचे दात पडायच्या वयाचा होता, आणि वडील तर त्याच्याही आधी गेलेले. त्याचं नाक पुसण्यापासून त्याला नोकरीला लावण्यापर्यंत सगळं ताईनेच निस्तरलं. तिचं लग्नाचं वय आलं आणि गेलं, तिच्या ध्यानातही आलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, ‘‘एक कार्टं सांभाळतेय तेवढं पुरे.’’ त्या कार्ट्याला आता टक्कल पडायला लागलं होतं. तरी त्याला ठसका लागला की शेजारच्या खोलीत ताईची झोप उडायची.

‘‘ताई, इथलं जेवण फार पौष्टिक आहे गं,’’ तो म्हणायचा. ‘‘इतकं पौष्टिक, की चव ठेवायला जागाच उरली नाही.’’

‘‘गप गिळ. घरी आलास की कर नखरे.’’

‘‘कधी सोडतायत ते विचारलंस?’’

‘‘पुढच्या आठवड्यात, म्हणाले डॉक्टर.’’

मग तो शीळ घालायचा. शीळ घालणं हे त्याचं लहानपणापासूनचं व्यसन. दाढी करताना, बूट घालताना, रांगेत उभं राहताना, सदा ओठांचा चंबू. ताईने त्यासाठी त्याला लहानपणी दोन-चार धपाटेही घातले होते आणि त्याने ते शीळ घालतच खाल्ले होते.

पहिली तपासणी ताईने एका स्वच्छ सकाळी सुरू केली. स्क्रीनवर ओळी सरसर वर सरकत होत्या. प्रत्येक पेशंटपुढे ‘परवानगी नाही’, ‘परवानगी नाही’, सगळं कसं शहाण्यासारखं. तेवढ्यात चौकाच्या पलीकडून शीळ ऐकू आली. धाकट्याचीच. लांबलचक, तार स्वरात, एका श्वासात जाईल तितकी. ताईच्या मनात आलं, फुप्फुसं चांगली भरून आलीत की याची. तिला हसू आलं. मान वळवून तिने स्क्रीनकडे पाहिलं तर प्रोग्रॅम संपला होता आणि सबंध हॉस्पिटलात एकच पेशंट अडलेला दाखवत होता.

तो धाकटा होता.

त्याच्या यादीत ‘घरी सोड’च्या खाली आणखी नावं होती. ‘शीळ घाल’. ‘जिना चढ’. ‘गोड ओळख’. ‘हस’. ‘ताईला हाक मार’. ‘श्वास घे’. ‘बघ’. आणि ‘शीळ घाल’पुढे उत्तर होतं: ‘झाले’.

ताईने चष्मा पुसला. मग शेजारच्या टेबलाकडे वळली. तिथे बसणाऱ्या जाडजूड गृहस्थांना सगळा विभाग भाऊजी म्हणायचा. का, ते आता कुणालाच आठवत नव्हतं.

‘‘भाऊजी, चेष्टेला काही मर्यादा?’’

भाऊजींनी येऊन स्क्रीन वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. ‘‘मॅडम, माझ्या पोरांची शपथ. आणि साच्याला धक्का न लावता एकट्याच पेशंटला मेथड चिकटवायची, एवढी अक्कल मला असती तर मी इथे पाय शेकत बसलो असतो का?’’

ते खरं होतं. साचा उघडून पाहिला तर त्यात ही नावं नव्हती. कुठेच नव्हती.

नवल वाटलं की परत चालवून बघायचं, ही या धंद्यातली सवय. ताईने फक्त धाकट्यावर तपासणी परत चालवली. या वेळी ‘शीळ घाल’ यादीत नव्हतंच. बाकीची नावं होती आणि ‘जिना चढ’पुढे ‘झाले’ आलं होतं. जुनी सिस्टीम म्हातारी झालीय, काहीतरी बरळतेय, असं तिने स्वतःला समजावलं आणि पुढच्या कामाला लागली.

भेटीच्या वेळी ती वॉर्डात गेली तेव्हा सिस्टर वैतागलेल्या होत्या. ‘‘तुमच्या भावाला जरा समजवा. सकाळी कुणाला न विचारता उठले आणि सरळ वरचा मजला चढून गेले. एका दमात! मी मागून ओरडतेय तर ऐकायला येत नसल्यासारखे.’’

‘‘का रे?’’ ताईने विचारलं.

‘‘काय माहीत.’’ धाकटा पांघरुणावरून आपल्या पायांकडे बघत होता. ‘‘कुणीतरी सांगितल्यासारखं झालं. वर गेलो आणि मग पाय... म्हणजे दुखत नाहीत गं. पण उचलतच नाहीत.’’

‘‘अशक्तपणा असेल.’’

‘‘असेल.’’ त्याने ओठांचा चंबू केला. नुसती हवा आली. परत केला. परत हवाच. तो ओशाळून हसला, ‘‘औषधांनी तोंड कोरडं पडलंय.’’

डॉक्टरांनी पाय तपासले. नसा ठीक, स्नायू ठीक, रक्त ठीक. ‘‘रिपोर्टमध्ये काहीच नाही,’’ ते म्हणाले, आणि ‘काहीच नाही’ हे त्यांनी ज्या सुरात म्हटलं तो ताईला आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने खुर्चीत बसल्याबरोबर यादी पाहिली. म्हणजे तपासणी चालवली, कारण यादी बघायची तिची रीत तीच होती. ‘जिना चढ’ नाहीसं झालं होतं. ‘गोड ओळख’पुढे ‘झाले’. दुपारी सिस्टरांनी सांगितलं की सकाळी त्याने साखर मागून घेतली, चमचाभर तोंडात टाकली आणि डोळे मिटून ‘काय गोड आहे, काय गोड आहे’ म्हणत बसला. ताईने आणलेला केकचा तुकडा मात्र त्याने दोनदा चावून बशीत ठेवला. ‘‘कापूस आहे का हा?’’ त्याने विचारलं. त्यात थट्टा नव्हती.

आता ताईला भीती वाटली. नुसती काळजी नव्हे, सरळ भीती. यादीतून जे जातंय ते त्याच्यातूनही जातंय, हे कुठल्याही शहाण्या माणसाला न पटणारं होतं आणि तिला पटलं होतं. असं का होतंय ते कळेना. पण काय जातंय ते तरी कळत होतं, आणि बुडत्या माणसाने काठी धरावी तशी तिने ती यादी धरली. काही वाईट व्हायच्या आत आपल्याला समजलं पाहिजे, म्हणजे डॉक्टरांना वेळेवर सांगता येईल, एवढाच तिचा हिशोब. म्हणून जेवायच्या आधी तिने परत एकदा पाहिलं.

‘हस’. ‘झाले’.

चौकाच्या पलीकडे कुणीतरी हसायला लागलं होतं. खिडकीपर्यंत यायला तिला उशीर झाला नाही. धाकटा खाटेवर बसून हसत होता, अगदी पोट धरून, लहानपणी भाताची शितं नाकातून बाहेर येईपर्यंत हसायचा तसा. शेजारच्या खाटेवरचे म्हातारबाबाही त्याच्याकडे बघून हसू लागले. मग त्यांचं हसू ओसरलं, आणि ते त्याच्याकडे नुसते बघत राहिले. मग त्याचंही थांबलं. एकदम. त्याने गालांना हात लावून पाहिला.

‘‘भाऊजी,’’ ताई म्हणाली, ‘‘जुने सर कुठे राहतात?’’

‘‘गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. का हो?’’

तिने सगळं सांगितलं. भाऊजींनी हसण्यावारी नेलं नाही. त्यांनाही एक बहीण होती. ‘‘तुम्ही आत्ताच्या आत्ता जा,’’ ते म्हणाले, ‘‘इकडची फिकीर करू नका. यादीवर मी नजर ठेवतो.’’ तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊजींसारखा माणूस शेजारी बसतो ही केवढी कृपा, असं तिला टॅक्सीत बसताना वाटलं.

जुन्या सरांचं घर तळमजल्यावर होतं. दार सुनेने उघडलं. सर मागच्या खोलीत खिडकीशी बसून एका कपाचा तुटलेला कान चिकटवत होते. हात थरथरत होते, पण कान बरोबर जागी बसत होता. ताईला त्यांनी लगेच ओळखलं.

‘‘ये. मोडलं का माझं काही?’’

तिने सुरुवातीपासून सांगितलं. यादीतली जादा नावं ऐकताना त्यांनी मान वर केली नाही. ती कुणी लिहिली असतील असंही विचारलं नाही. ताईला वाटलं होतं की ते हसतील, किंवा निदान चिडतील.

‘‘तू ही यादी बघतेस कशी?’’ त्यांनी विचारलं.

‘‘आधी नावं मागवते. मग एकेकीची चाचणी.’’

‘‘चाचणी म्हणजे?’’

‘‘हाक मारते, सर. पण बरोबर खूण पाठवते ना, ‘फक्त चाचणी’ म्हणून. मेथड करत काहीच नाही, नुसती ओ देते.’’

सरांनी कप खाली ठेवला. कान निखळून टेबलावर पडला, तो त्यांनी उचलला नाही.

‘‘ही खूण नव्या सिस्टीमची,’’ ते म्हणाले. ‘‘माझ्या वेळी असलं काही नव्हतं. माझी सिस्टीम ती वाचतच नाही. तिला हाक मारली की ती काम करते.’’

‘‘पण उत्तर येतं की, परवानगी नाही म्हणून.’’

‘‘ते माझ्या मेथडींचं. मी प्रत्येकीला कुलूप घातलं होतं, कुणी चुकून हात लावू नये म्हणून. तू सांगतेस त्या माझ्या नाहीत. त्यांना कुलूप कोण घालणार?’’

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ताईला आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना. शीळ तिने काढून घेतली होती. पाय तिने काढून घेतले होते. खुर्चीत बसल्या बसल्या, मायेपोटी.

‘‘परत घालता येतील, सर?’’

‘‘जे कुणी लिहिलंच नाही ते परत कसं लिहायचं?’’

‘‘मग मी काय करू?’’

‘‘बघू नकोस,’’ सर म्हणाले. ‘‘नुसतं बघण्याने काय होतंय, असं मलाही वाटायचं.’’ सून पाणी घेऊन आली तेव्हा त्यांनी तिच्याकडेही वर पाहिलं नाही.

रस्त्यावर येताच ताईने भाऊजींना फोन लावला.

‘‘भाऊजी, यादीला हात लावू नका. अजिबात.’’

‘‘अहो, मी कुठे लावतोय? मी जेवायला बाहेर आलोय. पण तुम्ही काळजी करू नका, सोय करून ठेवलीय. तुमची तपासणी आपोआप चालेल अशी लावून दिलीय. दर तासाला.’’

ताईने हात करून समोरून येणारी टॅक्सी थांबवली.

‘‘मॅडम? लाईन आहे का?’’

‘‘बंद करा ती.’’

‘‘इथून कशी करू? तिथे जावं लागेल. निघतो लगेच. पण झालं काय?’’

टॅक्सी प्रत्येक चौकात अडत होती. ताई यादी मनात म्हणत होती. ‘ताईला हाक मार’. मग ‘श्वास घे’. मग ‘बघ’. ड्रायव्हर आरशातून तिच्याकडे बघत होता. ‘‘कुणी सीरियस आहे का?’’ त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता गाडी उलट्या बाजूने काढली.

हॉस्पिटलच्या फाटकाशी तिचे पाय क्षणभर वॉर्डाकडे वळले. मग ती मागच्या इमारतीकडे धावली.

जिन्यात साबणाची वाफ कोंडली होती. वर कुणी नव्हतं. भाऊजी अजून पोचले नव्हते.

स्क्रीनवर मागच्या तपासणीचं उत्तर तसंच होतं.

‘ताईला हाक मार’. ‘झाले’.

खाली राहिलेली नावं दोन.

कोपऱ्यात पुढच्या तपासणीची वेळ दाखवत होती. ती इतकी जवळ होती की ताईने घड्याळाकडे पाहिलंच नाही. तिने तपासणी तोडली. मग वेळापत्रक पुसलं. मग प्रोग्रॅमच पुसला, मुळापासून, आजवर लिहिलेली एकही ओळ न ठेवता.

पण स्थलांतर राहिलं होतं. उद्या नवी सिस्टीम प्रत्येक पेशंटला आत घेताना त्याच्या प्रत्येक मेथडला हाक मारणार होती. खात्रीसाठी. ती सूचना चाळणीबाईंचीच होती.

घरी सोडलेल्या पेशंटना मात्र नव्या सिस्टीममध्ये नेणार नव्हते.

ताईने ‘घरी सोड’ लिहिलं. पुढे परवानगीचा शब्द घातला. आयुष्यभर तिने दुसऱ्याच्या मेथडी नुसत्या चाचणीसाठी हाकारल्या होत्या. ही पहिलीच, जिच्याकडून तिला खरंच काम करून हवं होतं.

‘झाले’.

ती चौक ओलांडून वॉर्डात पोचली तेव्हा सिस्टरांच्या हातात छापील कागद होता. ‘‘आत्ताच आला. डॉक्टरांनी सहीपण केली,’’ त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. ‘‘मघाशी तुम्हाला हाक मारत होते हो. एकदाच मारली. एवढी खणखणीत, की सगळा वॉर्ड उठून बसला. मी म्हटलं, येतीलच ताई. पण त्यानंतर तोंडातून शब्द नाही.’’

धाकटा उशीला टेकून बसला होता. छाती वरखाली होत होती. ताईने त्याच्या छातीवर हात ठेवला आणि ती त्या हाताकडे बघत ढसाढसा रडली, भर वॉर्डात, सगळ्यांसमोर. त्याने तिच्याकडे बघितलं. त्याला तेवढंच येत होतं.

ती त्याला घरी घेऊन आली. नोकरीवर बिनपगारी रजा टाकली. भाऊजींनी फोनवर दहा वेळा माफी मागितली आणि तिने दहाही वेळा ‘तुमचा काय दोष’ म्हटलं. ते खरंच होतं. धाकट्याची खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली, म्हणजे काम करताना तो डोळ्यांसमोर राहील. त्याला भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची. लहानपणी केलंच होतं हे सगळं. फरक एवढाच, की तेव्हा रोज काहीतरी नवीन यायला लागायचं. तरी तो श्वास घेत होता, आपल्याजवळ होता, आणि एवढ्यावर जन्म काढायची तिची तयारी होती.

आणि तो तिच्याकडे बघायचा. नजर मायेची होती. थोडी काळजीचीही, कपाळाला बारीक आठी घातलेली. पहिले काही दिवस ताईला त्या नजरेचाच आधार वाटला. मग एकदा भांडी पुसताना तिच्या लक्षात आलं, की त्याची नजर एका जागी ठरत नाही. ती कपाळापासून सुरू व्हायची आणि खाली उतरायची, थांबत थांबत, ओळीओळीने. कुठेतरी अडायची. मग पुढच्या वेळी पुन्हा वरून.

त्याच दिवशी भाऊजींनी फोनवर कसलासा विनोद सांगितला. विनोद चांगला होता, हे ताईला कळलं. कुठे हसायचं तेही कळलं. ती वाट बघत राहिली, पण आतून काही वर आलंच नाही. पलीकडे भाऊजी एकटेच हसत होते.

ताई खुळी नव्हती. तिने फोन ठेवला, हात पुसले आणि खुर्ची खिडकीकडे वळवली. समोर रस्ता होता, झाड होतं, माणसं जात-येत होती. बघू दे की त्यांच्याकडे. ती आपल्या कामाला लागली. थोड्या वेळाने मागून घरघर ऐकू आली. धाकट्याचा श्वास अडखळत होता. ओठ निळसर पडले होते आणि डोळे झाडावर नव्हते, माणसांवर नव्हते, ते कोपऱ्यात ताणून मागे तिला शोधत होते.

तिने खुर्ची परत वळवली. त्याला ती दिसली. श्वास हळूहळू सुरळीत झाला.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा करून बघायचं धैर्य तिला झालं नाही. त्याची काळजी दुसऱ्या कुणावर सोपवावी, असं कुणी नव्हतं. आणि असतं, तरी त्याने बघायचं कुणाकडे?

तिने आपली खुर्ची ओढून त्याच्या खुर्चीसमोर ठेवली. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. चहा करून घेतला आणि तिथे बसली.

‘‘बघ रे बाळा,’’ ती म्हणाली. ‘‘बघ हवं तेवढं.’’

धाकट्याच्या कपाळावरची आठी सैल झाली. त्याची नजर वरून निघाली आणि सावकाश खाली यायला लागली.

ताईने कप दोन्ही हातांत धरला आणि एक घोट घेतला. चहा गरम आहे की गार, तिला सांगता येईना. तिने कपाकडे पाहिलं. वाफ निघत होती, म्हणजे गरमच असणार.